बारावा त्रोम्पो

जानेवारी लागला की आमच्या घरात बसायला जागा उरत नाही. पलंगावर बाळयेशू, फळीवर बाळयेशू, टीव्हीच्या डोक्यावर बाळयेशू. यंदा तर पाळण्यातही तिघांना झोपवलं होतं, कारण माझी अब्रील पाच महिन्यांची झाली तरी पाळण्यात पाठ टेकवायला तयार नव्हती. तिला मीच लागायची. एका हाताने तिला धरायचं आणि दुसऱ्या हाताने टाके घालायचे, असा माझा सगळा महिना गेला.

नाताळात घरोघरी मांडलेल्या या मातीच्या बाळांना दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, नवे कपडे घालून चर्चमध्ये न्यायचं असतं. ते कपडे सासूबाई आणि मी शिवतो. घरात कुणी आजारी असेल तर लोक बाळाला डॉक्टरचा कोट मागतात, कोर्टकचेरी चालू असेल तर अडल्या कामांच्या संत जूदासचा हिरवा झगा, आणि काहीच अडचण नसेल तर पंख. शिवाय दरवर्षी दहा-बारा जण 'त्रोम्पो' मागतात.

त्रोम्पो म्हणजे खरं तर भोवरा. पण आमच्या ओरिसाबा गावात, आमच्या धंद्यात, त्रोम्पो म्हणजे वीटकरी जर्सी, छातीवर पांढरा आडवा पट्टा, पाठीवर आठ, खाली पांढरी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत मोजे. मोज्यांनी जीव जातो. बाळाचे पाय वाकलेले, एक वर, एक खाली. काही केल्या मोजा टाचेवर बसत नाही.

ही जर्सी खरी ज्यांची, ते त्रोम्पोकाका बाजारामागे राहतात. त्यांचं खिळे-कुलपांचं दुकान आहे. एवेरार्दो हे त्यांचं नाव फक्त विजेच्या बिलावर असतं. चौदा वर्षं ते गिरणीच्या संघातून, इलांदेरोसमधून, खेळले. मधे राजधानीतल्या एका मोठ्या संघाने त्यांना नेलं, तर आठ महिन्यांत परत आले. तिकडे पाऊस धड पडत नाही म्हणाले. देशाच्या संघातही एकदा निवड झाली. तीन सामने बाकावर बसून आले. आमच्या माणसांना विचाराल तर ते सांगतील, कोच आंधळा होता.

आणि मग तो गोल. गिरणी बंद पडली त्या वर्षीचा. चिपीचिपी पाऊस, म्हणजे आमच्याकडचा तो डोळ्यांना न दिसता अंग भिजवणारा. दोन बचाववाले अंगावर आले. काकांनी चेंडूवर पायाचा तळवा ठेवला आणि जागच्या जागी दोनदा गरकन फिरले. ते दोघे एकमेकांवर आपटले, आणि चेंडू चिखलातून रमतगमत जाळ्यात गेला. मैदानात आठ हजार माणसं मावायची. 'त्या दिवशी मी तिथे होतो' म्हणणारी चाळीस हजार तरी भेटतील. मी जन्मले तेव्हा काकांचा गुडघा जाऊन तीन वर्षं झाली होती. पण माझ्या बाबांनी तो गोल जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली, दोन लिंबं आणि एक झाकण घेऊन इतक्या वेळा दाखवलाय की मी तो पाहिलाय असंच मला वाटतं. लिंबं एकमेकांवर आपटतात ते तर मला स्वप्नातही दिसतं.

गिरणी गेली, पाठोपाठ संघही गेला. ती जर्सी आता कुठल्या दुकानात मिळत नाही, कुठल्या मैदानावर दिसत नाही. ती बाळयेशूच्या अंगावर तेवढी उरली आहे. आणि लोक अजून काकांच्या दुकानात जाऊन एक खिळा मागतात.

"एकच?"

"एकच, त्रोम्पो. तसबीर टांगायचीय." आणि मग तो माणूस अर्धा तास तिथेच टेकून उभा.

तर जानेवारीच्या मधल्या आठवड्यात त्रोम्पोकाका आमच्या दारात आले. हातात शालीत गुंडाळलेलं बाळ आणि एक कागदी पिशवी. त्यांची बायको, ओर्तेन्सियाकाकू, ऑक्टोबरात गेली होती. सगळं गाव मातीला आलं होतं. मीही गेले होते, अब्रीलला पोटाशी बांधून, पण तेव्हा गर्दीत ते दिसलेच नव्हते.

"नोएमी तूच ना? दोन मिनिटं आहेत का, पोरी?"

"या ना काका. थांबा, खुर्ची रिकामी करते." मी खुर्चीवरचे दोन डॉक्टर आणि एक देवदूत उचलून पलंगावर ठेवले.

ते बसले, गुडघा सरळ लांब करून. पिशवीतून त्यांनी क्रोशाचा पांढरा अंगरखा काढला. बारीक सूत, गळ्याशी छोट्या छोट्या पाकळ्या. एक बाही पुरी होती, दुसरी खांद्यापासून दोन बोटं उतरून थांबली होती. सुई तशीच अडकलेली.

"दरवर्षी सप्टेंबरलाच बसायची विणायला," ते म्हणाले. "हे राहून गेलं. तू पुरं करशील? अगदी तिच्यासारखं नको. म्हणजे... तिच्यासारखंच हवं. पण नाही जमलं तरी चालेल."

"करते की काका."

"मी तिच्याबरोबर कधी गेलो नाही गं. खेळायचो तेव्हा फेब्रुवारीत सामने असायचे. खेळ सुटल्यावर एकदा गेलो, तर माणसं वेदीला पाठ आणि माझ्याकडे तोंड करून उभी. ती म्हणाली, तू आपला घरीच थांब, देवाचा अपमान होतोय. त्यानंतर दरवर्षी एकटीच जायची." त्यांनी शालीवरून बाळाच्या पोटावर हात फिरवला. "यंदा मी नेणार आहे. तिने विणलेलं घालून. तिच्यासाठी आता करण्यासारखं एवढंच उरलंय."

पलीकडच्या मशीनवरून सासूबाई ओरडल्या, "एवेरार्दो, कॉफी घेणार का?"

"नको हो वहिनी." मग आवाज उतरवून मला म्हणाले, "तेवढं बघ, जर्सीबिर्सीच्या जवळपास ठेवू नकोस याला. तिला चीड होती. 'या घरात देव खेळणार नाही' म्हणायची. फुटबॉलचंच वावडं होतं तिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सामना कधी, कुणाशी, एका शब्दाने कधी विचारलं नाही."

ते हसत म्हणाले खरे, पण बोलताना शालीची घडी उगाचच पुन्हा घालत होते. तेवढ्यात अब्रीलने भोकाड पसरलं. काका गडबडीने उठले, "बघ बघ, तिला घे," म्हणत निघूनही गेले. एका खांद्यावर लेकीला थोपटत मी चिठ्ठी लिहिली आणि बाळाच्या शालीला टाचली.

आमच्याकडे चिठ्ठीवर मालकाचं नाव लिहीत नाहीत, नुसता पोशाख लिहितात. डॉक्टर. जूदास. पंख. सासूबाईंचं म्हणणं असं की आपलं बाळ ओळखू येत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय, मग नावं कशाला? पण क्रोशाच्या अंगरख्याला काय म्हणायचं ते मला त्या रडारडीत सुचलं नाही. हे बाळ कुणाचं, ते तरी कळावं, म्हणून मी एकच शब्द लिहिला: त्रोम्पो.

अंगरखा मात्र मी माझ्या उशीशी ठेवला. अब्रील दुपारी अंगावर पिता पिता झोपली की हळूच सुई हातात घ्यायची. ओर्तेन्सियाकाकूचा हात घट्ट होता आणि माझा सैल. माझे टाके तिच्या टाक्यांशेजारी विस्कटलेल्या केसांसारखे दिसायचे. तीन वेळा उसवलं. चौथ्यांदा मी सूत करंगळीला दोन वेढे देऊन धरलं, श्वाससुद्धा तिच्या बेताने घेतल्यासारखा घेतला, तेव्हा कुठे ओळी जुळायला लागल्या. अब्रीलची मूठ माझ्या मनगटावर असायची, आणि दर टाक्याला तीही थोडी हलायची.

एक तारखेला दुपारी, सगळी धांदल चालली असताना, सासूबाई करवादल्या, "नोएमी, अगं अकरा त्रोम्पोंचंच कापड आणलंस आणि चिठ्ठ्या बारा निघाल्या! पूर्ण संघ आणि वर एक राखीव! बाराव्याच्या चड्डीला माझा जुना अभ्रा फाडला मी."

"हं," मी म्हणाले. मी तेव्हा एका हाताने पंखांना डिंक लावत होते. बारा कसे, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरलाच नाही.

दोन तारखेला सकाळी दहा वाजता त्रोम्पोकाका आले. काळा सूट, ओली टोपी, बूट असे चमकवलेले की बाहेरच्या चिखलाची दया यावी. फळीवर एकच बाळ उरलं होतं. वीटकरी जर्सीतलं.

सासूबाईंनी ते उचलून त्यांच्यापुढे धरलं. "घ्या. तुमचा त्रोम्पो."

मी उशीशेजारचा अंगरखा घेऊन आले, आणि जर्सीकडे बघून दारातच थांबले. "आई, याला जर्सी का घातलीत?"

"का म्हणजे? चिठ्ठीवर त्रोम्पो लिहिलं होतं!"

"अहो, हेच त्रोम्पो आहेत ना!"

"ते मला ठाऊक आहे! मग लिहायचं कसं? त्रोम्पोचा न-त्रोम्पो?"

"उतरवते काका, एक मिनिट," मी म्हणाले. जर्सी काढली, मोजे काढले, अंगरखा चढवला. बाह्या मनगटाच्या पुढे लोंबत होत्या. मी कितीही सैल विणत असले तरी इतक्या सैल बाह्या माझ्या हातून होणार नाहीत.

काकांनी बाळ हातात घेतलं, उलटं केलं, डाव्या पायाचा तळवा पाहिला.

"हा आमचा नाही."

"असं कसं..."

"आमच्याच्या या तळव्याचा रंग गेलाय. पांढरी माती दिसते. ती रोज इथेच ओठ टेकवायची." त्यांनी त्या गुलाबी, कोऱ्या तळव्यावर अंगठा फिरवला. "हे कुणाचं तरी आहे बिचारं."

मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सासूबाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या. काल संध्याकाळी अकरा त्रोम्पो गेले होते. बऱ्याच घरांतून मालक आलेच नव्हते. सहा जानेवारीच्या गोड पावात ज्यांना छोटी बाहुली सापडली होती, ती माणसं आली होती. बाहुली सापडली की त्या वर्षी बाळाचे मानलेले आईबाप तुम्ही, कपडे आणि सगळ्यांना मक्याचे वाफवलेले तामाले तुमच्याकडे. त्यांना काय ठाऊक कुणाचं बाळ कसं दिसतं? फळीवर अकरा-बारा सारख्या जर्सी. समोर आली ती घेऊन गेले.

"माझी चूक आहे काका," मी म्हणाले. "माझ्या चिठ्ठीमुळे झालं."

ते माझ्याकडे बघून चक्क हसले. "तुझी कसली? मी माणूस होतो तो आता कपडा झालो, त्यात तू काय करणार?" पण घड्याळाकडे पाहिलं तेव्हा हसू गेलं होतं. चर्चमधली मिस्सा बाराला होती. "एकदा तिथे आशीर्वाद झाला की संपलं. यंदाचं ते एकदाच. तिच्या बाळाला तिने विणलेलं नाही मिळालं तर मी घरी जाऊन तिच्या खुर्चीसमोर बसू कसा?"

अब्रीलला मी शालीने छातीशी बांधलं, अंगरखा पिशवीत घातला, ते परकं बाळ दुपट्ट्यात गुंडाळून काखेत घेतलं, आणि आम्ही निघालो. रस्ताभर चिपीचिपी. काकांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली होती.

"मी मागच्या मागे उभा राहीन," ते म्हणाले. "तू जा आणि बघ पाय."

"काका, मी लोकांच्या बाळांचे मोजे कशी काढू? मला कोण काढू देईल?"

चर्चच्या अंगणात तामाल्यांची पातेली वाफाळत होती, आतोलेचे, मक्याच्या गरम पेजेचे, पेले फिरत होते, आणि सगळीकडे बाळंच बाळं: टोपलीत, तबकात, दुपट्ट्यात. दारावर नव्या फादरांनी चिकटवलेली सूचना होती, बाळयेशूला खेळाडूंचे पोशाख घालू नयेत. तिच्या खालीच दोन आठ नंबर उभे होते.

काकांनी त्या दोन जर्सींकडे पाहिलं, मग तिसरीकडे, भिंतीशी उभ्या असलेल्या चौथीकडे. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"अरे, त्रोम्पो!" कुणीतरी ओरडलं. आणि अख्खं अंगण वळलं.

कांदे विकणारी तोमासा सगळ्यांत आधी पोचली. बाळ त्यांच्या छातीशी ढकलत म्हणाली, "सही कर! पाठीवर, आठच्या खाली. ए, पेन द्या कुणीतरी!"

"देवाच्या पाठीवर सही?" काका म्हणाले. "मला काय नरकात घालतेस, तोमासा?"

"मग काय करणार? आलास तर काहीतरी कर!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश, दुखरा गुडघा सांभाळत वाकले, तोमासाच्या बाळाचा डावा मोजा अंगठ्याने खाली सरकवला, आणि तळव्याला ओठ लावले. नाताळच्या रात्री सगळे लावतात तसेच. तळवा गुलाबी होता. त्यांनी मोजा परत वर केला.

तोमासाने कधी नव्हे तो आवाज खाली आणला. "माझ्या नवऱ्याने बघायला हवं होतं रे हे," ती म्हणाली.

मग कोण थांबतंय? रांगच लागली. "माझ्याकडे पण, त्रोम्पो!" "एका बाजूला व्हा रे, मी तर त्या दिवशी गोलाच्या मागेच होतो!" "तू? तू तेव्हा वेराक्रूजला मासे विकत होतास!" एकाने सांगितलं, त्या गोलानंतर त्याने ज्या अनोळखी मुलीला मिठी मारली, ती आता त्याची बायको आहे. बायको शेजारीच होती, म्हणाली, "नुकसान भरपाई कुठे मागायची ते सांग, त्रोम्पो." एका म्हाताऱ्या कामगाराने बाळ पुढे केलं आणि नुसता काकांचा दंड धरून उभा राहिला. गिरणीला कुलूप लागलं त्या आठवड्यात आमच्याकडे दुसरं काही नव्हतं, एवढंच म्हणाला. काका प्रत्येकाचं ऐकून घेत होते, वाकत होते, मोजा सरकवत होते. गुलाबी. गुलाबी. एक तर चॉकलेटी. मी शेजारी उभी राहून बोटं मोजत होते आणि अब्रील काकांच्या कानाला हात घालू बघत होती.

दहा झाले. दहाही आपापल्या ठिकाणचेच. घंटा वाजायला लागली आणि लोक दाराकडे सरकले.

"अकरावा नाही आला," मी म्हणाले.

काकांच्या कपाळावर घाम होता. "दमला असेल," ते म्हणाले. गंमत करायचा प्रयत्न होता तो.

तेवढ्यात फाटकातून टॅक्सीवाला रोल्दान धावत आला, चाकांची खुर्ची ढकलत. खुर्चीत लेओकादिया आजी; यंदा तिच्याकडच्या पावातली बाहुली रोल्दानला सापडली होती. वय नव्वदीच्या आसपास, डोळ्यांना आता उजेड आणि काळोख एवढंच कळतं. मांडीवर प्लास्टिकखाली झाकलेली वीटकरी जर्सी.

"टायर बसला!" रोल्दान दमलेला. "आजी, उशीर झाला नाही, बघ, अजून सगळे... अरे बापरे! आजी, त्रोम्पो आहे इथे!"

काका तिच्यापुढे उकिडवे बसले. गुडघा कडाडला तो मलाही ऐकू आला. प्लास्टिक बाजूला केलं, डावा मोजा खाली ओढला.

तळवा पांढरा होता. रंग नव्हताच, टाचेपासून अंगठ्यापर्यंत नुसती गुळगुळीत माती.

त्यांनी ओठ लावले ते उचललेच नाहीत.

मी पुढे झाले खरी, पण हात पुढे करवेना. आंधळी म्हातारी, वर्षभर या दिवसाची वाट बघितलेली. त्या मांडीवरून बाळ काढून घ्यायचं कसं? रोल्दानचा चेहरा तर आनंदाने फुलला होता. "आजी, तुझ्या बाळाच्या पाया पडतोय तो! त्रोम्पो!"

"माझ्या बाळाच्या नाही रे, गाढवा," लेओकादिया आजी म्हणाली. "हा माझा नाही. काल रात्रीच कळलं मला."

रोल्दान तिच्या कानाशी वाकला. "मग बोलली का नाहीस?"

"तू एवढा हौसेने घेऊन आलास. म्हटलं, एक दिवस कुणाचं तरी बाळ सांभाळू. चांगलं वजनदार आहे." तिची सुरकुतलेली बोटं चाचपत आली आणि त्या पांढऱ्या तळव्यावर, काकांच्या गालाशी येऊन थांबली. "हा ओर्तेन्सियाचा. हा पाय मी अंधारात ओळखेन. मला तर आता सगळा अंधारच."

"तुम्ही ओळखायचात तिला?" काकांनी वर बघून विचारलं.

"आम्ही दोघी गिरणीत एका खात्यात, सुताच्या कांड्या भरायला. तुझा सामना असला की रविवारी माझ्याकडे यायची, माझ्याकडे रेडिओ होता. बाळाला शालीत घेऊन. बसायची कोपऱ्यात, तोंडातून अवाक्षर नाही. समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला की या पायाचा पापा. तू पडलास की पापा. पेनल्टीला तर पाय तोंडातच धरून बसायची, मी ओरडायची, अगं सोड, विष असेल त्या रंगात!"

"तिला फुटबॉलचं वावडं होतं," काका हळूच म्हणाले.

"होतंच. पोटात कालवाकालव व्हायची तिच्या. म्हणायची, विचारलं तर त्याला कळेल मला किती भीती वाटते ते, आणि मग तो भिऊन खेळेल." आजीने त्यांच्या गालावर एक चापट दिली. "तो चिखलातला गोल तू केलास असं गावभर सांगतोस ना? आमच्या दोघींचे ओठ सुजले होते, बाबा."

तोमासा मागे डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता रोल्दानला कोपर मारून कुजबुजत होती, "बाळसुद्धा धड आणता येत नाही?" मी अब्रीलला तिच्याकडे दिलं आणि आजीच्या मांडीवरच काकांच्या बाळाचे कपडे उतरवले. ती जर्सी आजीच्या बाळाला; मोजा नेहमीप्रमाणे टाचेवर अडला. मग अंगरखा. आधी काकूची बाही, मग माझी. बरोबर मनगटावर आली. आजीने दोन्ही बाह्यांवरून बोट फिरवलं, एकीवर थांबली, दुसरीवर थांबली.

"कुठली कुणाची?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"विचारू नकोस," आजी म्हणाली. "छान आहे."

आता फक्त चालत जायचं होतं. पण काकांना बाळ धरता येईना. त्यांनी दोन्ही पंजे पुढे करून ते असं धरलं होतं की जणू कुणी बाजूच्या रेषेवरून फेकायला चेंडू दिलाय.

"असं नाही, काका. मान कोपराच्या आत. हां. आणि हा हात खालून."

"पडेल."

"नाही पडत. अब्रीलला मी झोपेत धरते."

आत रांग होती आणि रांगेतही लोक माना वळवायला लागले. पुढच्या बाकावरून फोन वर झाले. काकांचे खांदे आपोआप आखडले; मला वाटलं, आता हे दाराकडे वळतात. लेओकादिया आजीला दिसत नव्हतं, पण चर्चमधला आवाज कुठे वळतोय ते कळलं असावं. तिने काठी फरशीवर दोनदा आपटली.

"तोंडं पुढे करा रे! त्याचं बघून झालंय तुमचं. आज तो बायकोबरोबर आलाय."

आणि खरंच, एकेक करून माना वळल्या. मोबाइल खिशात गेले. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये त्रोम्पोकाकांकडे कुणी बघत नाहीये, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं ते कुठे आहेत, आणि सगळे नीट, मुद्दाम, वेदीकडे बघत होते. तोमासाची तर मान हट्टाने ताठ झाली होती.

ते एक एक पाऊल पुढे सरकत गेले, उजवा पाय किंचित ओढत, नजर बाळाच्या चेहऱ्यावर. अब्रीलला परत घेऊन मी मागे. अब्रीलने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं.

फादर खलापाहून नुकतेच बदलून आलेले, तरुण. आठ नंबरवर पाणी शिंपडताना दर वेळी उसासा टाकत होते. काकांची पाळी आली तेव्हा पांढरा अंगरखा बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून गळ्याशी विणलेल्या पाकळ्या पाहिल्या. ते काकांना ओळखत नव्हते.

"किती सुंदर विणलंय," ते म्हणाले. "कुणाचं बाळ?"

"ओर्तेन्सियाचं," काका म्हणाले. "मी घेऊन आलोय फक्त."